बाकी पाच!

हल्ली मी भेटेल त्याच्या हातात कागद-पेन्सिल देतोय. सोसायटीच्या मीटिंगनंतर दोघांना पकडलं, ऑफिसात चहाच्या वेळी तिघांना. काय करू, गोष्टच अशी कळलीय की पोटात राहत नाही!

सुरुवात भाचीमुळे झाली. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर माझं नाव उघडलं, ‘एन्क्रिप्शन’वर बोट ठेवलं आणि समोर आले 60 अंक, पाच-पाचांचे बारा गट. “मामा, तुझ्या फोनवर माझं नाव उघड आणि वाच.” मी वाचत गेलो, ती जुळवत गेली. साठच्या साठ जुळले! म्हणजे आमच्या मधे तिसरा कोणी स्वतःची किल्ली घुसवून बसलेला नाही, हे आम्ही दोघांनी घरबसल्या तपासलं.

“पण आपला मजकूर उघडणारी किल्ली तुझ्यापर्यंत पोचली कशी?” मी विचारलं. “तीही नेटवरूनच गेली असणार. वाटेत कोणी उचलली तर?”

“किल्ली गेलीच नाही मामा,” ती म्हणाली आणि तिने कागद ओढला.

2 हा आकडा उघड, 13 हा भाजकही उघड. आता दोघांनी मनात एकेक आकडा धरायचा, सांगायचा नाही. मी 3 धरला, तिने 7. मी 2 चा तिसरा घात काढला, 8. त्याला 13 ने भागलं तर बाकी 8. ती मोठ्याने सांगितली. तिने 2 चा सातवा घात काढला, 128. बाकी 11, तीही मोठ्याने सांगितली. आता तिच्या 11 चा मी माझा तिसरा घात काढायचा: 1331, भागिले 13, बाकी 5. माझ्या 8 चा तिने तिचा सातवा घात काढायचा: 20,97,152. कॅल्क्युलेटर घेतला, 13 ने भागलं. बाकी 5!

दोघांच्या कागदावर पाच! आणि पाच हा आकडा कोणी उच्चारलाच नव्हता! तिची आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिच्याकडे 2, 13, 8, 11 हे चारही आकडे होते, पाच मात्र नव्हता. एवढ्या लहान आकड्यांत तिने चाचपडत तो शोधलाही असता. पण 13 च्या जागी शेकडो अंकांची संख्या घ्या. सरळ जाणारा हिशेब तेव्हाही क्षणात होतो, आणि उलट्या दिशेने जायची झटपट वाट आजच्या संगणकांनाही सापडलेली नाही. फोनमध्ये याच कल्पनेची पुढची आवृत्ती चालते, वक्रांच्या गणितावर बेतलेली. तिथली संख्या असते 77 अंकी!

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी हे 1976 मध्ये जगापुढे मांडलं. तोवर गुप्त मजकूर पाठवायचा तर आधी किल्ली गुपचूप पोचवावी लागे. ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या हेरखात्यातल्या गणितज्ञांना ही युक्ती त्याआधीच सापडली होती, पण 1997 पर्यंत ती बाहेर येऊ दिली नाही. सरकारने कपाटात ठेवलेली विद्या आज माझ्या खिशात आहे!

आणि ती कामाला येते. 2016 मध्ये अमेरिकेत एका तपासात ‘सिग्नल’ या मेसेजिंग अ‍ॅपला समन्स आलं: वापरणाऱ्याची माहिती द्या. सिग्नलने होतं ते सगळं दिलं: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बस्स! लपवाछपवी नव्हती, द्यायला त्यांच्याकडे आणखी काही नव्हतंच. त्याच वर्षी सिग्नलचीच पद्धत व्हॉट्सअ‍ॅपने सगळ्यांना लागू केली. फरक एवढाच, की कोण कोणाशी कधी बोललं ही माहिती व्हॉट्सअ‍ॅपला मिळू शकते. मजकूर मिळत नाही.

मग मी आपल्याकडचं वाचत सुटलो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याचाच आधार घेऊन 2019 मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. वाचताना अंगावर काटा आला!

2021 च्या आयटी नियमांत मात्र मोठ्या मेसेजिंग कंपन्यांवर अट आली: आदेश आल्यास मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला ते शोधून देता आलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. गुन्हे घडतात, पोलिसांना पुरावा लागतो, हे मलाही कळतं. त्यासाठी संशयिताचा फोन जप्त करता येतो, मेसेज मिळालेला माणूस साक्ष देऊ शकतो. पण उद्या कोणाचा मेसेज शोधावा लागेल हे आज कोणालाच माहीत नसतं. म्हणजे प्रत्येकाच्या मेसेजला आजच खूण करून ठेवावी लागणार, माझ्या आणि भाचीच्याही. एका संशयितासाठी कोट्यवधींचा हिशेब कच्चा करायचा, आणि तो कच्चा झाला की चोरालाही तितकाच सोपा. हे मला मान्य नाही!

आता एवढं कराच. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअप उघडा. त्याचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन 2021 पासून आलंय, पण ते आपलं आपण चालू केलंय ना, हे बघावं लागतं. नसेल तर वाटेत कोणालाही न वाचता आलेला मजकूर क्लाउडवर त्या कुलपाशिवाय पडून राहतो. पासवर्ड नीट जपा, तो विसरलात तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. मी माझा चालू केलाय, बहिणीचा केलाय, सोसायटीच्या सेक्रेटरींचा उद्या करणार आहे!