फटफटीच्या टाकीचा रंग

रंग म्हणजे दिसण्याची गोष्ट, असे आपण सगळेच धरून चालतो. घराला रंग द्यायचा झाला तर शेजारच्याच्या घराकडे एकदा पाहून घेतो, बैलांची शिंगे रंगवतानाही पोळ्याच्या मिरवणुकीचा विचार आधी करतो. पण फटफटीच्या पेट्रोलच्या टाकीला हा हिशेब लागू पडत नाही. वरून ऊन, खालून इंजिनाची धग, दोन्ही बाजूंनी गुडघ्यांचे घासणे आणि झाकणापाशी दर खेपेला सांडणारे दोन-चार थेंब पेट्रोल, एवढे सगळे तिथल्या रंगाला सोसावे लागते. यांत खरा वैरी पेट्रोलच. ऊन रंगाला फिके करते; पेट्रोल त्याला मऊ करून पत्र्यापासून सोडवते.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात नाक का खुपसावे, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. त्याला कारण घडले ते आमच्या गोठ्यात बरीच वर्षे उभी असलेली आजोबांची राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकात पोलंडच्या एका गाडीच्या आराखड्यावरून ही गाडी भारतात काढली. १७३ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, दणकट सांगाडा आणि तो फटफट आवाज. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूर ज्या ठेंगण्या राजदूतवर बसला, ती निराळी. आमची थोरली, दुधाच्या कॅनपासून पेंडीच्या पोत्यापर्यंत काहीही वाहणारी.

आजोबा ऊसतोडीचे मुकादम होते. दिवाळीच्या आगेमागे पाटोदा तालुक्यातल्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे निघत आणि त्यांच्या मागोमाग आजोबांची फटफटी. एका फडावरून दुसऱ्या फडावर, तिथून कारखान्यावर. टाकीच्या डाव्या अंगाला कोणा पाटी रंगवणाऱ्याने पिवळ्या रंगात लिहिलेले होते : ‘श्री भगवानबाबा प्रसन्न’. अक्षरांचे वळण काही फार सुबक नव्हते. ‘प्रसन्न’ला जागा कमी पडल्याने शेवटचा ‘न्न’ दाटीवाटीने बसवलेला. गाडी पुन्हा उभी करायचे घरात ठरले तेव्हा आजी एवढेच म्हणाली, “लेकरा, बाकी काय करायचं ते कर, पण तेवढी अक्षरं जाऊ देऊ नको.”

अडचण नेमकी तिथेच होती. झाकणाखालून पेट्रोल ओघळून ‘श्री’ अर्धा गेला होता आणि उरलेल्या रंगाखाली गंजाचे फोड आले होते. जुना रंग तसाच ठेवून वर पारदर्शक लॅकरचा हात मारावा, असा एक विचार होता. पण त्या लॅकरमधले थिनर जोरकस असते. जुना कच्चा रंग त्याने उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. शिवाय गंज आत तसाच राहतो. म्हणजे अक्षरे वाचवायची तर आधी ती खरवडायची, असा हा विचित्र पेच!

पेंटरकाका म्हणाले, “दादा, ऑइलपेंट मारून देतो की! कशाला खर्चात पडता?” खरे पाहता, बाजारात जे रंग मिळतात ते ढोबळ मानाने तीन जातींचे. पहिला ऑइलपेंट, म्हणजे सिंथेटिक एनॅमल. हा हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतो. दारे-खिडक्यांना उत्तम, पेट्रोलपुढे मात्र मऊ पडतो. दुसरा ड्युको, म्हणजे एन.सी. लॅकर. यातले थिनर उडून गेले की रंग वाळतो, चकाकतोही सुरेख. परंतु हे नुसते वाळणे आहे. योग्य द्रावक पुन्हा मिळाले की तो पुन्हा पातळ व्हायला तयार. तिसरा टू-पॅक पी.यू. यात रंगाच्या डब्यासोबत हार्डनरचा वेगळा डबा येतो. दोन्ही एकत्र केले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन रेणू एकमेकांत गुंततात आणि सगळा थर एकाच जाळ्यासारखा होतो. हा रंग वाळत नाही, जमतो. एकदा जमला की त्याला विरघळवणे पेट्रोलच्या आवाक्यात राहत नाही.

ऐकीव माहितीवर किती भिस्त ठेवायची? म्हणून तेलाच्या जुन्या डब्याचे तीन तुकडे कापून तिघांवर तीन रंग दिले, आठ दिवस राहू दिले आणि मग प्रत्येकावर पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवून वर वाटी पालथी घातली. पाव तासाने पाहिले. ड्युकोचा रंग बोळ्याला लागला होता. ऑइलपेंटची चकाकी गेली होती आणि त्यावर नख उमटत होते. टू-पॅकवर मात्र फडके फिरवले, तर काही घडल्याची खूणही नाही. पेंटरकाकांनी तो तुकडा उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला!

या प्रयोगातले पेट्रोल आजोबांच्या वेळचे नव्हते, हेही सांगायला हवे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम २००१ साली आपल्याकडे मिरज आणि मनमाड येथे झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के असे हे प्रमाण वाढत गेले. इथेनॉल मक्यापासून आणि तांदळापासूनही करतात, पण उसाचा रस आणि मळी हे त्याचे जुने मूळ. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, ते हवेतले पाणी ओढून घेते आणि टाकीत आतून गंज धरायला मदत होते. बीड जिल्ह्यातल्या माणसांनी कोयत्याने तोडलेला ऊस कारखान्यात जातो आणि त्याचाच अर्क बीडच्या पंपावरून आमच्या टाकीत उतरतो. मुकादमाच्या फटफटीवरची अक्षरे उसाच्या अर्कापासून राखण्याची वेळ नातवावर यावी, याला काय म्हणावे?

शेवटी टू-पॅकच ठरला. आधी अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने ती जशीच्या तशी उतरवून घेतली, दाटीतल्या ‘न्न’सकट. टाकीला कुठे भोक पडले नाही ना, हे पाणी भरून पाहिले. कारण आतून पेट्रोल झिरपत असेल तर बाहेरचा भारीतला भारी रंगही खालून सुटतो. मग जुना रंग काढणे, तेलकटपणा धुणे, इपॉक्सी प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर, आणि त्यावर काळा रंग. अक्षरे त्याच मापात पिवळ्या पी.यू.ने लिहिली आणि सर्वांत वर पारदर्शक थर दिला. हाताला कोरडा लागला म्हणून रंग जमला असे होत नाही, म्हणून आठवडाभर टाकीत पेट्रोलचा थेंब घातला नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. टू-पॅकच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा सर्वांत चांगला. आम्हाला कार्ट्रिजचा मिळाला. उघड्या अंगणात, पोरांना लांब पाठवून काम केले. पेंटरकाका कुरकुरले, पण त्यांनी तो लावला. आपल्या आजोबांची खूण टिकावी म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसांचा सौदा करायचा, हे काही मनाला पटणारे नव्हते.

जुने जपायचे म्हणजे त्याला हात लावायचा नाही, असे मी समजत असे. ही टाकी रंगवल्यापासून तसे वाटत नाही. आजीने नव्या अक्षरांवरून बोट फिरवले, ‘न्न’पाशी थांबली आणि म्हणाली, “बरोबर वाकडं काढलंय.”