वाळूतली मेथी

वसईकडच्या किनाऱ्याला गेलात, तर बाजारात मेथीच्या बोटभर जुड्या पाहा. पाने इवलीशी, मुळांना वाळू लागलेली. ही समुद्रमेथी. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून रोज शिंपायचे. दाट पेरायचे आणि पंधरवड्याच्या आसपास मुळासकट उपटायचे. एक वाफा निघतो तोवर शेजारचा उगवलेला असतो!

आपल्या परसात मात्र सगळे बी एकाच दिवशी पडते. मग निम्मी मेथी जून होऊन गुरांपुढे जाते, आणि पुढच्या महिन्यात जुडी विकत आणायची. त्यापेक्षा, भगिनींनो, वाफ्याचे चार भाग करा. दर आठवड्याला एकच पेरा. धणे असतील तर आधी रगडून दोन फाका करा. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात. चौथा भाग उगवून येईतो पहिल्यातली मेथी खुडायला येते.