बंद पडलेला लॅपटॉप

विहिरीवरची मोटार उचलत नाही म्हणून आपण ती लगेच वर काढून वायंडिंगला नेत नाही. आधी फ्यूज बघतो, तिन्ही फेज आहेत का बघतो, मग स्टार्टर. आता घरोघरी पोरांचे लॅपटॉप आले आहेत. त्यांनाही हाच न्याय लावा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याचा लॅपटॉप रुसला. पोरगा परभणीच्या कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. वर्षभराचा अहवाल त्यातच, आणि चार दिवसांत द्यायचा. रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी बटण दाबलं तर ना दिवा, ना आवाज. जिंतुरात एका दुकानी दाखवला. मदरबोर्ड गेला, नवाच घ्या, असं उत्तर मिळालं. नवा म्हणजे सोयाबीनचे किती कट्टे, तुम्हीच हिशेब करा!

आम्ही तो घरी आणला. भिंतीतल्या सॉकेटला मोबाइल लावून पाहिला, चार्ज होत होता. चार्जरवरचा दिवाही लागत होता. मग चार्जर काढला आणि सुरू करायचं बटण 30 सेकंद दाबून धरलं. झटक्यानंतर आतल्या बोर्डावर थोडी वीज अडकून राहते आणि यंत्र तिथंच अडून बसतं; बटण दाबून धरलं की ती उतरून जाते. बॅटरी बाहेर निघण्यासारखी असेल तर आधी तीही काढावी. पुन्हा चार्जर लावला, बटण दाबलं, पडदा उजळला. पोरानं आधी अहवाल पेनड्राइव्हवर घेतला, चहा नंतर.

हे जमलं नसतं तरी अहवाल बुडालाच असता असं नाही. लिहिलेलं सगळं डिस्कमध्ये असतं, आणि बोर्ड गेला तरी डिस्क बहुधा शाबूत राहते. ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येईल का, हे दुकानदाराला पहिल्यांदा विचारा.

आपल्याकडे सगळा दोष कमी दाबाला देतात. चार्जरवर बारीक अक्षरांत 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, वाचून बघा. कमी दाब तो सोसतो. घात करते ती वीज परत येतानाची उसळी, आणि आभाळातली वीज. पूर्णेवरचं येलदरीचं वीजघर आपल्याच तालुक्यात आहे खरं, पण म्हणून आपल्या घरातली वीज सरळ वागते थोडीच! ढग गडगडले की पिन उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि बॅटरी फुगून लॅपटॉपचा तळ उचलला असेल, तर हे काहीच करू नका. चार्जिंगला लावू नका, टोचू नका, घरातल्या लेकरांपासून दूर ठेवा आणि जाणकाराकडेच न्या.