बोंबलाचा हंगाम आणि नव्वद प्रश्न

बोरिवली,
13 जुलै 2025

चि. बाळास,


मालाडच्या त्या क्लासचा रंगीत कागद व्हॉट्सॲपवर मिळाला. मोठ्या अक्षरात ‘स्कॉलरशिप हमखास’, खाली टोप्या घातलेल्या पोरांचे फोटो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 18,000 रुपये फी. त्याखाली तुझा प्रश्न, ‘ताई, घालू का मोठीला?’ फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतोस आणि हात जाळं शिवत असतो. कागद निदान तुझी बायको तरी जपून ठेवील, म्हणून लिहिते.

घालू नकोस. आता का ते वाच.

त्या कागदावर दोन वेगळ्या परीक्षा एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. एक आपली जुनी शिष्यवृत्ती परीक्षा. तुझ्यामाझ्या वेळी ती चौथीला आणि सातवीला असायची. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत प्राथमिक आणि आठवीपर्यंत उच्च प्राथमिक अशी विभागणी केली, त्यामुळे 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला गेली. दुसरी म्हणजे शाळेत ज्याला सगळे ‘एनएमएमएस’ म्हणतात ती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारने 2008 साली सुरू केलेली योजना. ती फक्त आठवीच्या मुलांना, म्हणजे यंदा मोठीला. दोन्ही घेते पुण्याची राज्य परीक्षा परिषदच, म्हणून लोकांचा घोळ होतो. पहिली साधारण फेब्रुवारीत असते, दुसरी डिसेंबरात. पहिलीत नाव आलं की नाक्यावर फ्लेक्स लागतो. दुसरीचा फ्लेक्स मी फारसा कुठे पाहिला नाही, कारण गरिबीची अट असलेल्या परीक्षेची जाहिरात करायला कुणाला आवडत नाही.

पण पैसे दुसरीत आहेत. आठवीच्या जुन्या शिष्यवृत्तीची रक्कम 2023-24 पासून वाढवून वर्षाला 7,500 केली. त्याआधी ती इतकी किरकोळ होती की वर्षाचं बसभाडंही निघत नसे. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी, चार वर्षं, दर वर्षी 12,000. महिन्याला हजार, एकूण 48,000. आणि ते कधी मिळतात ते बघ. आपल्या गावातल्या मुलींचं शिक्षण सुटतं कुठे? दहावीनंतर. अकरावीला खाडी ओलांडावीच लागते. रोज बोट, मार्व्याला उतरून बस, पुन्हा तेच उलटं, वर कॉलेजची फी. घरात हिशोब सुरू होतो आणि त्या हिशोबात आधी मुलीचं नाव कापलं जातं. हे मी पालिकेच्या शाळेत उभा जन्म पाहिलं. नेमक्या त्याच अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तिच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला हजार येत असतील, तर तुमच्या हिशोबाला तिला उत्तर देता येईल.

आता जे तू लिहिलं नाहीस पण सौ.ने सांगितलं ते. पुढच्या वर्षी नववीला तिला मालाडच्या इंग्रजी शाळेत टाकायचा तुझा विचार आहे म्हणे. ती शाळा विनाअनुदानित आहे का ते आधी विचार. एनएमएमएस सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना फॉर्मच भरता येत नाही, आणि मिळालेली शिष्यवृत्तीही तिकडे गेल्यावर चालू राहत नाही. म्हणजे अठरा हजार भरून तू तिला परीक्षेत पास करणार, आणि फी भरून शाळा बदलून तीच शिष्यवृत्ती बुडवणार. शिवाय नववीत माध्यम बदललेली पोर दहावीला काय करते ते मला विचारू नकोस.

क्लासवाले एक गोष्ट सांगत नाहीत. पास होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. दोन्ही पेपर मिळून 40 टक्के पडले की पास (अनुसूचित जाती-जमातींना 32). पण सबंध महाराष्ट्राला जागा 11,682, त्या जिल्ह्यांत वाटलेल्या आणि प्रवर्गांत विभागलेल्या. आपल्या मुलीची स्पर्धा मुंबई उपनगरातल्या तिच्यासारख्याच शाळांतल्या मुलांशी आहे. लातूरच्या किंवा कोल्हापूरच्या मुलांना घाबरायचं कारण नाही, ती दुसऱ्या यादीत असतात. क्लासच्या कागदावरची ‘हमखास’ पोरं नुसती पास झालेली असू शकतात. फी भरण्याआधी हा प्रश्न विचारायला कुणाला सुचत नाही.

आता अभ्यास. पेपर दोन. एक बौद्धिक क्षमतेचा, एक शालेय क्षमतेचा. प्रत्येकात 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. शालेय पेपरात विज्ञानाला 35 गुण, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राला मिळून 35, गणिताला 20. म्हणजे गणितात कच्ची म्हणून तिने हातपाय गाळायला नकोत. सातवीची पुस्तकं रद्दीत घातली असशील तर आजच्या आज कुणाकडून तरी आण, कारण प्रश्न सातवी-आठवी दोन्हींवर असतात. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा अख्खा धडा आहे. मालाडची पोरं ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ पाठ करतात आणि पेपरात उलटं लिहून येतात. तुझ्या घरात हे शब्द स्वयंपाकघरातून ऐकू येतात. आपले आबा भरतीची वेळ कशी काढायचे ते तिला शिकव. तिथी गुणिले तीन, भागिले चार. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तासभर इकडेतिकडे होईल, पण भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते हे तिला पुस्तक न उघडता कळेल, अपूर्णांकाची भीतीही जाईल.

दिशांचे प्रश्न बौद्धिक पेपरात असतात. क्लासमध्ये त्यासाठी वहीत बाण काढायला लावतात. तू तिला संध्याकाळी वाळूत उभी कर. तोंड मावळतीकडे, म्हणजे समुद्राकडे. उजव्या हाताला गोराई, ती उत्तर. डाव्या हाताला खाडीचं तोंड, ती दक्षिण. पाठीला गाव. मग विचार: उजवीकडे वळून 3 किलोमीटर गेलीस, तिथून डावीकडे वळून 4 किलोमीटर, निघाल्या जागेपासून किती लांब, कुठल्या दिशेला? उत्तर 5 किलोमीटर, वायव्येला. ती म्हणेल, चार किलोमीटर डावीकडे म्हणजे मी पाण्यात. म्हणू दे. हसत सोडवलेलं गणित विसरत नाही.

एक गोष्ट मात्र घरच्या शहाणपणाने येत नाही, ती शिकवावी लागते. चार पर्याय बनवणारा माणूस हुशार असतो. समज, बोटीच्या रांगेत ती पुढून तेरावी आणि मागून अठ्ठाविसावी उभी आहे, तर रांगेत माणसं किती? पोरं 13 आणि 28 मिळवतात, 41 येतात, आणि पर्यायांत 41 असतंच. आपलं उत्तर छापलेलं दिसलं की मुलांना वाटतं बरोबर आलं, गोळा रंगवतात आणि पुढे जातात. ती स्वतः दोनदा मोजली गेली, म्हणून उत्तर 40. ते 41 चुकणाऱ्यासाठीच तिथे बसवलेलं असतं. म्हणून नुसते प्रश्न सोडवून भागत नाही. चुकलेल्या प्रश्नात कुठल्या पायरीवर पाय घसरला आणि परीक्षकाने तो आधीच कसा ओळखला, हे तिला तोंडाने सांगायला लाव. रोज दहाच प्रश्न, पण असे. तुला गणित येत नसलं तरी ऐकता येतं. अडखळली की समज, तिलाही कळलेलं नाही.

दुसरी अडचण वाचनाची. ती अजून ओठ हलवून वाचते, मे महिन्यात आली होती तेव्हा पाहिलं. नव्वद मिनिटांत नव्वद प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच गोळा रंगवायचा. ओठ हलवणाऱ्या मुलाचे शेवटचे वीसपंचवीस प्रश्न कोरे राहतात, आणि घरी येऊन तो सांगतो की पेपर सोपा होता, वेळ पुरला नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरा सोडलेला प्रश्न हे शुद्ध नुकसान. रोज एक पान मनात वाचून काय वाचलं ते आईला सांगायचं, एवढं आजपासून सुरू कर.

फेब्रुवारीची जुनी परीक्षाही तिला देऊ दे, सराव म्हणून. तिथे 75 प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकी 150 गुणांचे, आणि आठवीला एक खोड आहे. काही प्रश्नांना, वीस टक्क्यांपर्यंत, दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण. ही सवय डिसेंबरच्या आधी लावू नकोस, नाहीतर तिथेही दोन दोन गोळे काढून येईल. जानेवारीत बघू. धाकट्याची पाचवीची आहे, ती मी दिवाळीत त्याला इथे घेऊन करून घेईन. त्याची काळजी करू नकोस, त्याची सगळेच करतात.

हे सगळं क्लासशिवाय होतं. जुन्या प्रश्नपत्रिका परिषदेच्या संकेतस्थळावर असतात, मी छापून पाठवते. जे तू द्यायला हवंस ते वेगळं आहे आणि अठरा हजारांपेक्षा महाग आहे.

आता बंदी आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, घर मोकळं आहे. नारळी पौर्णिमा झाली की धांदल सुरू होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंबील येतो, आणि नेमका तेव्हाच मुलीला पेपरचा शेवटचा जोर लावायचा असतो. तिच्या हाताचा वेग मला माहीत आहे. दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवला, टाकले सुकायला वलांडीवर, तोवर दुसरी जोडी हातात. सौ.नंतर एवढं भरभर काम तुमच्या घरात कुणाचं नाही, म्हणून तर ती शाळेतून आली की सगळे तिलाच हाक मारतात. तिने घरच्या कामाला हात लावू नये असं मी म्हणत नाही. मी सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि कोळ्याच्या घरात ते शोभणारही नाही. पण दिवाळीपासून पेपर होईपर्यंत संध्याकाळी पाच ते साडेसहा तिला वलांडीवर बोलवायचं नाही. दीड तास. परीक्षेत तिला तेवढाच वेळ एका जागी बसायचं आहे आणि आज ती वीस मिनिटं सलग बसत नाही, कारण बसू देत नाही कुणी. त्या दीड तासाला माणूस हवं असेल तर एक बाई मजुरीवर लाव. तेही परवडत नसेल तर धाकटा दहा वर्षांचा आहे, दोन हात त्यालाही आहेत.

एवढं जमणार असेल तर हो म्हण. जमणार नसेल तर क्लासमध्येही घालू नकोस. मालाडला जाऊन येऊन तिचे तीन तास मोडतील आणि परतल्यावर बोंबील तिचीच वाट पाहत असतील.

निवड झाल्यावरही सुटका नाही, हे आताच ऐकून ठेव. माझ्या हाताखालची मालवणीची एक मुलगी, वडील रिक्षा चालवायचे, चांगल्या गुणांनी यादीत आली. नववीचे पैसे मिळाले. दहावीला नूतनीकरणाचा अर्ज भरायचा असतो, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, दर वर्षी. शाळेला वाटलं घरच्यांनी भरला, घरच्यांना वाटलं शाळा भरते. मुदत गेली. मुलीने काही कमी केलं नव्हतं. तुझ्या घरी हे काम सौ.कडे दे, तुझ्याकडे नको. आणि दहावीला 60 टक्क्यांची अट आहे, त्याखाली गेली तर अकरावीचे पैसे थांबतात (अनुसूचित जाती-जमातींना 55).

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, वर्षाला साडेतीन लाखांच्या आतला. तू म्हणशील मासळीचा हिशोब कोण ठेवतो. तलाठ्याकडे जा, तो विचारील ते खरं सांग. अर्ज शाळेतूनच भरतात, म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून ये. सप्टेंबरात गेलास तर बोटीच्या घाईत कागद राहतील. परीक्षेचं केंद्र खाडीपलीकडे आलं तर ती आदल्या रात्री माझ्याकडे राहील. पहाटेची बोट चुकली म्हणून पेपर बुडवायचा नाही.

सौ.ला आशीर्वाद, पोरांना गोड पापा.

तुझी,
ताई

ता. क. बँकेचं खातं मोठीच्या नावावर हवं, तुझ्या नव्हे, आणि आधारला जोडलेलं. आधारवर तिचं आडनाव कसं लिहिलंय आणि शाळेच्या रजिस्टरात कसं, दोन्ही समोरासमोर ठेवून बघ. तुझ्याच दोन कागदांवर दोन आडनावं आहेत, म्हणून विचारते. फरक निघाला तर दुरुस्ती याच महिन्यात कर, होड्या पाण्यात गेल्यावर तू सापडणार नाहीस.