"सही तुमचीच आहे ना, आजी?"

"सही तुमचीच आहे ना, आजी? मग चेक बरोबर पास झालाय."

मुलुंड पूर्वेच्या एका बँकेत काउंटरमागच्या तरुण अधिकाऱ्याने हे ऐकवलं, तेव्हा बाई गप्प राहिल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आमच्या इमारतीत त्यांना सगळे बाईच म्हणतात. मी सोबत गेलो होतो. स्क्रीनवरच्या चेकवर सही त्यांची होती, तारीख त्यांची होती, ६८,००० हा आकडाही त्यांनीच लिहिलेला होता. नावाच्या ओळीत मात्र सोसायटीच्या जागी कुणा भलत्याच माणसाचं नाव होतं, आणि ते अक्षर बाईंचं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचं अक्षर तपासलेल्या बाईला हे सांगायला कुणाची गरज नव्हती. त्या मुलाच्या आवाजातली घाई आठवली की अजून डोकं तापतं.

घडलं ते असं. लिफ्टच्या कामासाठी सोसायटीने वर्गणी काढली. बाईंनी अकाउंट पेयी क्रॉस केलेला चेक ऑफिसात दिला, पावती घेतली. मॅनेजरने तो इतर चेकांबरोबर सोसायटीच्या बँकेच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकला. पेटीतून तो कुणीतरी काढला, नावाची शाई रसायनाने धुतली, नवं नाव लिहिलं आणि तिसऱ्याच बँकेतल्या खात्यात भरला. क्रॉसिंग तसंच राहिलं, कारण आता चेकवर ज्याचं नाव होतं त्याच्याच खात्यात पैसे गेले.

बाईंना हे कळलं ते बँकेकडून नव्हे, सोसायटीच्या बिलावरून. बिलात थकबाकी दिसत होती आणि वर २१ टक्क्यांनी व्याज. आदर्श उपविधींत थकबाकीवर सरळव्याजाची कमाल मर्यादा २१ टक्के आहे. आमच्या कमिटीने कमाल हाच दर धरला. बाईंनी पावती दाखवली. तिच्यावर खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं की चेक वटल्यावरच पावती ग्राह्य. पण चेक वटला होता! बाईंच्या खात्यातून पैसे गेले होते. चेक स्वीकारला सोसायटीच्या माणसाने, पेटीत टाकला सोसायटीच्या माणसाने, आणि जिन्याखालच्या फळ्यावर थकबाकीदार म्हणून नाव लागलं बाईंचं. येता-जाता लोक वाचायचे. दूध टाकणारा मुलगासुद्धा. कमिटीतल्या एकाही सभासदाला, निदान चौकशी होईपर्यंत, तो कागद काढावासा वाटला नाही. "नियम सगळ्यांना सारखा," असं सेक्रेटरी म्हणाले. वार्षिक सभेत बाई उभ्या राहिल्या, तर विषयपत्रिकेत हा विषय नाही म्हणून त्यांना बसवलं. पैसे चोराने नेले हे समजण्यासारखं आहे. चोराने नेलेल्या पैशाबद्दल ज्याचे गेले त्यालाच दंड करायचा, हे मला आजही समजत नाही.

मग सुरू झाला बँक आणि पोलीस ठाणं यांच्यातला फेरा. बँक म्हणे, आधी एफआयआर आणा. ठाण्यात म्हणत, ड्रॉप बॉक्सची शाखा दुसऱ्या हद्दीत येते, तिकडे जा. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण न सांगता कुठल्याही ठाण्याने अशी तक्रार नोंदवून घ्यायची असते. आणि बँकेचं उत्तर तर त्याहून चुकीचं होतं. फसवणुकींबाबत रिझर्व्ह बँकेचे २०२४ चे निर्देश आहेत. बनावट चेकच्या प्रकरणात पोलिसांत जायची जबाबदारी त्यांनी पैसे चुकते करणाऱ्या बँकेवर टाकली आहे, आणि तिने मागताच मूळ चेक तिच्या हवाली करायचा, असं चेक भरून घेणाऱ्या बँकेला बजावलं आहे. म्हणजे जो कागद आणि जी तक्रार बँकेने उभी करायची, त्यासाठी गुडघेदुखीची एक बाई ठाण्याचे जिने चढत होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मुंबईत २०१३ पासून चेकचा कागद बँकांमध्ये फिरत नाही, त्याचं चित्र फिरतं. कागद भरून घेणाऱ्या बँकेकडेच राहतो. धुतलेली शाई अतिनील दिव्याखाली कागदावर दिसू शकते, चित्रात नाही. म्हणूनच १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात कलम १३१ ला नंतर स्पष्टीकरण जोडलं गेलं: चित्रावरून पैसे घेणाऱ्या बँकेने हातातला कागद वाजवी काळजीने तपासून, वर उघड दिसणारी खाडाखोड पकडली पाहिजे. बाईंच्या बँकेला 'आम्हाला चित्रात काही दिसलं नाही' असं म्हणता येईल. ज्या बँकेच्या हातात कागद होता, तिला ते म्हणता येणार नाही. आम्ही मात्र पहिल्या बँकेशीच भांडत बसलो होतो, कारण दुसरीचं नाव सांगायला कुणी तयार नव्हतं. खातेदाराची गोपनीयता म्हणे.

चेक भलत्याच्या खात्यात जाणं मुंबईला नवं नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँकांच्या नावाने काढलेले चेक हर्षद मेहताच्या खात्यात जमा झाले होते. त्यानंतर आणि पुन्हा २३ जानेवारी २००६ ला रिझर्व्ह बँकेने बजावलं की अकाउंट पेयी चेक नाव असलेल्या माणसाखेरीज कुणाच्याही खात्यात जमा करायचा नाही. आमच्या चोराने हा नियम मोडला नाही, नावच बदललं.

बँकेने आणखी एक कारण काढलं: पॉझिटिव्ह पे केलं नव्हतं. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० आणि त्यावरच्या चेकचा तपशील आधी बँकेला कळवायची ही सोय आहे खरी, पण या रकमेला ती ऐच्छिक आहे, आणि बाईंना तिच्याबद्दल कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. ऐच्छिक गोष्ट केली नाही म्हणून ग्राहक दोषी ठरत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या खटल्यात ४२ खोट्या सह्यांच्या चेकची जबाबदारी बँकेवर टाकली. ग्राहक कंपनीचं दीर्घकाळ लक्ष गेलं नाही, हा बचाव मान्य केला नाही. बाईंची सही खरी होती, तेव्हा तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण ग्राहकाच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवून बँकेला सुटता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

चेक हा प्रकारच बंद करावा, असं त्या दिवसांत माझं ठाम मत झालं होतं. ऑनलाइन फसवणुकीत तिसऱ्याच कुणाचा दोष असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं. चेकवाल्यांना ते संरक्षण नाही. अंधेरीला राहणारा बाईंचा मुलगाही फोनवर हेच सांगत होता. पण शेवटी बाजू उलटली ती कागदामुळेच. बँकेला लेखी तक्रार दिली, तीस दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. मूळ चेक मागवला गेला, आणि नावाच्या ओळीवर धुतल्याचा डाग होता. फोनवरून गेलेल्या पैशाचा असा डाग कुणाला दाखवणार?

आणि लोकपालाकडे जा, असं आम्हाला हळूच सांगणारा, चेकची दोन्ही बाजूंची प्रत काढून देणारा माणूस तोच, काउंटरमागचा तरुण अधिकारी. त्याच्यावरचा राग तरीही पूर्ण गेलेला नाही.

बँकेने मुद्दल बाईंच्या खात्यात परत जमा केली. त्यातून त्यांनी सोसायटीला पुन्हा चेक दिला, या वेळी स्वतः बँकेत जाऊन काउंटरवर भरला आणि स्लिपवर शिक्का घेतला. काउंटरवर दिलेल्या चेकची पोच शाखेला नाकारता येत नाही; पेटीत टाका, असं कुणी म्हणालं तरी आग्रह धरा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटू लागले आहेत, त्यामुळे चोरीचा चेकही लवकर वटेल. एसएमएस आला की लगेच वाचा, नाव वेगळं असेल तर त्याच दिवशी शाखेत लेखी कळवा.

सोसायट्यांच्या कमिट्यांना एक विनंती. सभासदाकडे पावती असेल, तर फळ्यावर नाव लावण्याआधी त्याच्या बँकेकडून वटलेल्या चेकची प्रत मागवा. आमच्या कमिटीने बाईंचं नाव काढलं, व्याज मात्र अजून माफ केलेलं नाही.