हुरडा, हेल्मेट आणि सगळ्यात मागची गाडी

रविवार. सकाळचे साडेसहा. हडपसरचा गाडीतळ. अख्खं पुणं दुलईत गुरफटलेलं आणि आम्ही चौदा वेडे हातमोजे न काढता चहाचा ग्लास धरायची कसरत करतोय!

दोस्तहो, थंडी हा बाइकवाल्यांचा खरा सीझन. पावसाळ्यात घाट भारी दिसतात, पण चाक कधी घसरेल नेम नाही. उन्हाळ्यात जॅकेटच्या आत तंदूर पेटतो. डिसेंबर लागला की मात्र आमच्या क्लबला जाग येते आणि बातम्यांना ऊत! यंदाच्या ताज्या बातम्या ऐका. बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी येझदीचं इंजिन पुन्हा उघडलं होतं. क्लबमधल्याच दोघांचं जमलंय आणि ते सोडून सगळ्यांना ते माहीत आहे. एक जण नोकरीसाठी बेंगळुरूला चाललाय, त्यामुळे गाडी विकायची की ट्रेनने पाठवायची यावर तीन आठवडे वाद चालू आहे.

पण आजची हेडलाइन वेगळीच. आज दादा येणार. मागे बसून.

दादा म्हणजे आमचा ‘स्वीप’. ग्रुपने निघालं की सगळ्यात पुढे असतो तो लीड आणि सगळ्यात शेवटी असतो तो स्वीप. कुणाची चेन उतरली, कुणाचं पेट्रोल संपलं, की हा थांबणार. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम. माझ्या पहिल्या राइडला मी ताशी चाळीसच्या वर जात नव्हते, तेव्हा हा गडी अख्खा दिवे घाट माझ्या मागून, एकदाही हॉर्न न मारता आला होता.

राइडला जॅकेट, नी-गार्ड, बूट, सगळं घालणारा हा माणूस गेल्या एप्रिलमध्ये दोन गल्ल्या पलीकडे दूध आणायला निघाला. हेल्मेट घरी खुंटीला. मध्ये कुत्रं आलं. अकरा दिवस आयसीयू, मग खांद्यात प्लेट, मग फिजिओथेरपी. आम्ही आळीपाळीने हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्री काढल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? ‘दूध आणलं का कुणी?’ सगळे हसले. काकू, म्हणजे त्याची आई, तेवढी हसली नाही.

आपल्या पुण्यात हेल्मेट म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या! जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी सक्ती कडक केली, तर विरोधात चक्क मोर्चा निघाला. ‘शहरात कुठे स्पीड असतो?’ हा आपला लाडका फंडा. दादाही थट्टेत तेच म्हणायचा. आता म्हणत नाही.

सात वाजून गेले, छान उजाडलं, तसे निघालो. अंधारात निघायचं नाही हा थंडीतला दुसरा नियम. साखर कारखाने सुरू असतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागे लाल दिवासुद्धा नसतो. धुक्यात ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या गाडीला फ्युएल इंजेक्शन, बटण दाबलं की सुरू. काकांची येझदी मात्र म्हैसूरच्या कारखान्याची, १९९६ च्या आधीची. जी किक तीच पुढे वळवली की गिअर! सात किका, निळा धूर आणि टू-स्ट्रोकचा तो वास... सही!

दिवे घाटात सगळे सावकाश. टायर गार असले की रस्ता नीट पकडत नाहीत. वळणावर खाली मस्तानी तलाव दिसला. दादा काकांच्या मागे बसलेला, सारखा मान वळवून मोजत होता. किती आले? तेरा की बारा?

सासवडला तर्रीदार मिसळ, रस्त्याकडेला पुरंदरची अंजिरं. पुढे जेजुरीचा गड आणि उन्हात चमकणारा भंडारा. मग मोरगावच्या अलीकडे, ओळखीच्या मामांच्या शेतात गाड्या लागल्या. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कोवळी कणसं. मामा भाजलेलं कणीस तळहातावर चोळतात, फुंकर मारतात आणि हिरवागार हुरडा तुमच्या पुढ्यात! सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. ‘वर पाणी पिऊ नका, ताक प्या,’ हे मामांचं दरवर्षीचं वाक्य.

दादा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच हो म्हटलंय. मलाच हिंमत होत नाहीये.’

कुणी भाषण दिलं नाही. काकांनी खिशातून किल्ली काढून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, ‘माझी पाठ दुखतेय. मी मागे बसतो.’ (सकाळपासून ठणठणीत होते हो!)

दादाने आईला फोन लावला. काय बोलणं झालं माहीत नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते, म्हणाला धूर गेला. हेल्मेटचा पट्टा एकदा लावला, ओढून बघितला, परत लावला. येझदी तिसऱ्या किकला सुरू झाली.

परतताना लीडने वेग पन्नासवर ठेवला. का, ते कुणी विचारलं नाही. जेजुरी ओलांडल्यावर मी आरशात पाहिलं. सगळ्यात मागे एक पिवळट हेडलाइट, थोडा थरथरणारा. आपल्या जागेवर!

दिवे घाट उतरेपर्यंत मी तो आरसा किती वेळा पाहिला, मोजलं नाही.

जायचंय?
कधी : डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर कणसं निबर होतात.
कसं : हडपसर–दिवे घाट–सासवड–जेजुरी–मोरगाव. जेमतेम साठेक किलोमीटर, आरामात अर्ध्या दिवसाचा प्लॅन.
सोबत : हातमोजे, जॅकेटच्या आत छातीवर एक वर्तमानपत्र (वारा आत येत नाही, ट्राय करा!) आणि आयएसआय मार्कचं हेल्मेट. दूध आणायला जातानाही.