सिंभोऱ्याच्या पाण्यावरची पहाट

बालमित्रांनो, थंडीच्या दिवसांत पहाटे उठायचं म्हटलं, की तुमचा चेहरा कसा होतो? गोधडी आणखी थोडी वर ओढता ना? खरं सांगतो, मीही तेच करतो! पण डिसेंबरातल्या एका रविवारी मी चारलाच उठलो, कानाला मफलर गुंडाळला आणि धरणावर गेलो. का गेलो, ते ऐका. या गोष्टीत तुमच्या गुरुजींची एक चूकही आहे. ती लपवत नाही.

आमची शाळा अमरावती जिल्ह्यात, मोर्शीच्या बाजूला. इथून जवळच सिंभोरा गाव आहे आणि तिथं वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. वर्धा नदी उगम पावते सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ. तिला अडवून बांधलेलं हे तेरा दरवाजांचं धरण १९९३ साली पूर्ण झालं. अमरावती शहराला पिण्याचं पाणी इथूनच जातं. जलाशयाचं नावही किती छान आहे पाहा, 'नल-दमयंती सागर'! दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिचं कुंडिनपूर म्हणजेच याच वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर, असं मानतात. पण या निळ्या पाण्याखाली कित्येक गावांची शेतं आणि घरं गेली आहेत, हेही विसरायचं नाही बरं का.

आता माझी चूक. वर्गात एका मुलीनं पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, "सर, हा ट्राउट मासा आपल्या धरणात काहून नाही?" प्रश्न चांगला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा पेंगताना दिसला. मी चिडलो. त्याला उभं केलं आणि म्हटलं, "तूच सांग आता!"

तो डोळे चोळत म्हणाला, "थो थंड पाण्यातला असन, सर. आपलं पाणी थंड नाई. पहाटे तं गरम लागते."

डिसेंबरात पहाटे धरणाचं पाणी गरम? सारा वर्ग हसला. आणि मीही हसलो! पोरगा मान खाली घालून बसला.

मधल्या सुट्टीत इतर मुलांकडून कळलं, की त्याचे वडील भोई आहेत. धरणात मासे धरतात. त्यांचा जोडीदार आजारी पडल्यामुळे आठवडाभर हा पोरगा पहाटेच काठावर जात होता. म्हणजे वर्गात ज्याला पाण्याची खरी माहिती होती, त्यालाच आम्ही हसलो होतो. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आपणच जाऊन पाहावं.

दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, अंगाला झोंबणारा वारा आणि सायकलच्या मुठीवर बधिर झालेली बोटं. काठावर पोचलो तेव्हा अजून अंधार होता. हळूहळू उजाडलं, आणि काय पाहतो! साऱ्या पाण्यावरून वाफा निघत होत्या, जणू चुलीवर पातेलं ठेवलंय. मी वाकून पाण्यात हात घातला. मुलांनो, पाणी खरंच कोमट लागलं!

असं का होतं? जमीन आणि हवा लवकर तापतात, लवकर निवतात. पाणी मात्र सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. रात्रभरात हवा गारठून जाते, पण एवढं मोठं धरण दिवसाची ऊब धरून ठेवतं. म्हणून पहाटे हवेपेक्षा पाणी उबदार. पोरगा शंभर टक्के बरोबर होता.

धुक्यातून त्याचे वडील आले. कशावर बसून, माहीत आहे? थर्माकोलचे जाड तुकडे बांधून केलेल्या तराफ्यावर! हातात वल्ह्याच्या फळ्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी जाळं लावलं होतं. जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे असतात आणि खालच्या दोरीला वजन, त्यामुळे ते पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. पोहत येणारा मासा जाळ्याच्या घरात डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो.

रात्रभराच्या जाळ्यात सापडले फक्त सहा मासे. दोन कटला, तीन रोहू आणि एक मृगळ.

"एवढेच?" मी विचारलं.

"थंडीत मासोयी सुस्तावते, सर," ते म्हणाले. "खाली जाऊन बसते. जागची हालत नाई, तं जाळ्यात कशी येईन?"

माशाचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं. पाणी जसं असेल, तसं त्याचं अंग. रोहू, कटला, मृगळ यांना पंचवीस ते तीस अंशांचं पाणी मानवतं. पाणी गार झालं, की त्यांची भूक मंदावते, हालचाल कमी होते. आणि ट्राउट? त्याचं नेमकं उलट! त्याला दहा ते अठरा अंशांचं पाणी लागतं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला प्राणवायू भरपूर लागतो. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात हवा पंचेचाळीस अंशांवर जाते. तेव्हा बिचारा ट्राउट इथं गुदमरूनच जाईल. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच आहे, हिवाळ्यात तिथं दात वाजतात, पण ट्राउटला एका हिवाळ्याची थंडी पुरत नाही. बारा महिने गार पाणी हवं.

म्हणून भारतात ट्राउट दिसतो काश्मीर, हिमाचल आणि दक्षिणेत निलगिरीसारख्या उंच जागी. तोही मूळचा आपला नाही. इंग्रजांनी त्याची अंडी जहाजातून काश्मीरला आणवली. पहिली खेप वाटेतच खराब झाली, १९०० साली दुसरी सुखरूप पोचली. तिथं तपकिरी ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून त्या दिवसांत त्याला धरायला बंदी असते. आपले रोहू-कटला अंडी घालतात पावसाळ्यात, वाहत्या पुराच्या पाण्यात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून त्यांची बोटभर लांबीची पिल्लं आणून पाण्यात सोडावी लागतात. त्यांना म्हणतात 'बोटुकली'. गोड नाव आहे ना?

याच बोटुकलीची पुढची गोष्ट आहे.

काठाकाठानं परत येताना पोरगा एकदम थांबला. उथळ पाण्यात कुणीतरी मच्छरदाणीसारखं बारीक जाळं लावून ठेवलं होतं. त्यानं ते उचललं. आत चांदीच्या तुकड्यांसारखी रोहूची पिल्लं! बरीचशी मेलेली, काही तडफडत होती. पोरगा गुडघाभर पाण्यात उतरून एकेक जिवंत पिल्लू सोडवू लागला.

"घरी आज सहाच मासे आहेत," मी त्याच्या वडिलांना हळूच म्हटलं. "ही विकता आली नसती?"

ते म्हणाले, "आज इकली तं दोन घास, सर. सोडली तं थेच पुढच्या साली आपल्याले पोसन."

पोरानं मेलेली पिल्लं मोजली. त्रेचाळीस. सारी मिळून वजन असेल अर्धा किलो. चला, आता गणित करा पाहू! रोहूला वर्षभर नीट खायला मिळालं, तर तो किलोच्या आसपास भरतो. त्रेचाळीसपैकी निम्मीच जगली असती, तरी किती किलो झाले असते? वीसच्या वर! अर्ध्या किलोसाठी कुणीतरी वीस किलो मासे मारले होते. आणि ते एकट्याचे नव्हते, काठावरच्या साऱ्या भोयांच्या घरचे होते.

त्या जाळ्याची त्यांनी गुंडाळी केली आणि काठावर आणून टाकली. दूर पाण्यात नारिंगी रंगाच्या चक्रवाकांची जोडी उतरली. हिवाळा आला, की हे पाहुणे लडाख-तिबेटकडून आपल्याकडे येतात. त्यांच्या लेखी आपली ही कडाक्याची थंडी म्हणजे ऊबच!

सोमवारी मी वर्गात सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हटलं, "परवा मी तुला हसलो, ते चुकलं माझं. आज तू शिकव." तो लाजला. मग फळ्यापाशी येऊन त्यानं जाळं काढलं, घरं काढली, आणि मोठी घरं का ठेवायची, ते बोटं लावून समजावलं. पेंगणं तर सोडाच, घंटा झाली तरी कुणी जागचं उठेना! त्याच्या वडिलांनीही शब्द दिलाय, की जोडीदार बरा होईपर्यंत पोरगा फक्त रविवारीच येईल.

मित्रांनो, तुम्ही अकोल्याकडचे असाल, तर महानच्या काटेपूर्णा धरणावर आईबाबांसोबत एकदा पहाटे जा. अमरावतीकडचे असाल, तर सिंभोऱ्याला या. पाण्यात मात्र उतरू नका. धरणाचं पाणी दिसतं शांत, पण खोल असतं. काठावर बसून नुसता हात बुडवून पाहा. आणि आईबाबा, बाजारात बोटाएवढी रोहूची पिल्लं विकायला दिसली, तर घेऊ नका बरं! सांगा, "मोठी झाल्यावर घेऊ."

स्वेटर घालायला विसरू नका. पाणी उबदार असलं, तरी काठावर भारी थंडी असते!